सरांच्या तोंडावरची लाली

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी दोन घोट घेतले की अर्ध्या पुलगावला कळायचं. वासानं नाही, चालीनं नाही, तोंडानं. आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मग गाल, मग मान, मग शर्टाच्या पहिल्या बटणापर्यंत छाती. सर गोरे नव्हते. चांगले सावळे, सायकल चालवून उन्हात रापलेले. तरी ती लाली लपत नसे. भट्टीतून नुकत्या काढलेल्या विटेसारखं ते तोंड दोनेक तास राहायचं आणि मग हळूहळू विझायचं.

पुढं अडायला नको म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. एक, आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि तिथं परवान्याची दुकानं आहेत. मध्ये फक्त एक पूल. दुसरी गोष्ट, सर दारुडे नव्हते. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते सायकलनं पलीकडं जायचे, दोन घोट घ्यायचे आणि परत यायचे. तिसरा घोट त्यांच्यानं व्हायचाच नाही. छाती धडधडायची, कपाळाच्या शिरा उडायच्या, डोकं ठणकायचं.

"मग जाता कशाला, सर?" मी एकदा विचारलं.

"दोन घोटांसाठी जातो, मॅडम. तिसऱ्यासाठी जाणारे लोकं येगळे."

मी तेव्हाही शाळेत पर्यवेक्षिका होते, आजही आहे. वेळापत्रक, परीक्षेची बैठकव्यवस्था, सहलीच्या याद्या, रजेवरच्या शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा, हे सगळं माझ्याकडं. अशा माणसाला चित्रकलेचे सर म्हणजे रोजची डोकेदुखी. पाठाचं टाचण त्यांनी कधी वेळेवर दिलं नाही. मागितलं की म्हणायचे, "उद्या आंबा काढाचा हाय, मॅडम. त्याचं टाचण काय लिहू? आंबा, असं लिहू?" तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. मागच्या बाकावरचं एखादं पोरगं चित्र पुरं करत असलं की सर त्याच्याजवळ उभे, आणि पुढच्या तासाचे गणिताचे सर डस्टर हातात घेऊन दारात उभे.

"सर, माझा तास सुरू झाला," गणिताचे सर म्हणायचे.

"हाव ना. या आतमधी. याचं शेपूट राह्यलं फक्त."

वह्यांना कव्हर घातलेलं त्यांना चालत नसे. जूनमध्ये सगळी पोरं खाकी कव्हर घालून, नावाची चिठ्ठी चिकटवून वह्या आणायची आणि सर पहिल्याच तासाला ती कव्हरं काढायला लावायचे. "मळू द्या रे. मळली म्हणजे वापरली. कव्हर कायले पाहू मी?" त्यावरून आया माझ्याकडं तक्रार घेऊन यायच्या. मी सरांना बोलवायची. सर ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे.

एकदा तपासणीला वरचे साहेब यायचे होते. मुख्याध्यापकांनी सरांना व्हरांड्याच्या भिंतीवर शाळेचं मोठं चित्र काढायला सांगितलं. सरांनी तीन-चार दिवस परातीत रंग कालवून ते काढलं. आम्ही बघायला गेलो तर पाण्याच्या टाकीवरून ओघळलेलं हिरवं शेवाळ चित्रात होतं, आठवीच्या खिडकीला काचेच्या जागी लावलेला पुठ्ठा होता आणि फाटकात आडवा झोपलेला कुत्रा होता.

"अहो, हे काय काढलं?" मुख्याध्यापक म्हणाले.

"शाळा."

"आणि हा कुत्रा?"

"तो रोज असते, सर. आपल्यापेक्षा आधी येते."

"कुत्रा राहू द्या एक वेळ. ते शेवाळ तरी पुसा."

"टाकीवरचं पुसा. मी चित्रातलं पुसतो."

मुख्याध्यापक तणतणत गेले. दुपारी मात्र शिपाई टाकीवर चढून ब्रश मारताना दिसला. टाकी धुऊन झाली तसे सर उठले, बादलीत ब्रश बुडवला आणि चित्रातली टाकीही स्वच्छ केली. पुठ्ठा तसाच राहिला, कारण काच काही आली नव्हती.

असा माणूस. जे आहे ते दिसू द्यायचं, एवढंच त्यांचं धोरण. त्यात देवानं तोंडही तसंच दिलेलं.

आमच्या शाळेतले बाकीचे पुरुषही शनिवारी पलीकडं जायचे. सगळे नाही, पण बरेच. दोन-दोन जण एका गाडीवर. त्यांची परतायची पद्धत ठरलेली होती. पुलाच्या अलीकडं झाडाखाली थांबायचं, तोंड धुवायचं, पेरूची पानं चावायची, वर बडीशेप. मग घरी जाऊन जेवायला बसायचं. घरच्यांना सगळं माहीत असायचं, पण दिसत नाही ना, मग झालं. पी.टी.चे सर या कामात सगळ्यांत तरबेज. अर्धी बाटली पोटात घेऊन ते मुख्याध्यापकांशी कबड्डीच्या सामन्यांवर तासभर बोलायचे आणि कुणाला पत्ता लागत नसे.

सरांना ही सोय नव्हती. पेरूच्या पानानं कान थोडेच पांढरे होतात? पहिल्या-पहिल्यांदा तेही म्हणे नदीकाठी बाभळीखाली बसून राहायचे, लाली उतरेपर्यंत. पुढं कंटाळले. सरळ सायकल काढायची आणि भर बाजारातून घरी. वाटेत कोणी हसलं तर स्वतःच रंग सांगायचे. "आज शेंदरी हाय. ऊन कमी होतं. मागच्या बारीले गेरूवर गेलतो."

पुलावर कधीमधी पोलिसांची तपासणी असायची. पलीकडून कोणी बाटली आणतो का, यासाठी. एक हवालदार सरांचा जुना विद्यार्थी. मी माहेरून परत येताना ऑटोत बसलेली होते तेव्हाचा संवाद माझ्या कानांनी ऐकलेला.

"सर, पिशवीत काय हाय?"

"ब्रश हाये. पाहून घे."

हवालदारानं पिशवी पाहिली, मग तोंड पाहिलं. "सर, बाप्पा, काय हे! मले केस कराची पाळी आणता तुम्ही."

"मंग कर ना. लिही, माल जप्त केला. पण काढशीन कसा?"

ऑटोतले सगळे हसले. हवालदारही हसला आणि त्यानं सायकलला वाट करून दिली. सर माझ्याकडं बघून "या मॅडम" म्हणाले, भट्टीतल्या विटेच्या तोंडानं, आणि घंटी वाजवत पुढं निघून गेले.

दरवर्षी ऑक्टोबरात शाळेत व्यसनमुक्तीची शपथ असते. तो कार्यक्रम माझ्याकडंच. मुलं मैदानात रांगेनं, शिक्षक समोर, उजवा हात पुढं. शपथ सांगायचे पी.टी.चे सर, कारण त्यांचा आवाज खणखणीत. चित्रकलेचे सर रांगेत उभे राहायचे, ताठ उभे राहायचे, पण हात खाली. पहिल्या वर्षी मला वाटलं खांदा दुखत असेल. दुसऱ्या वर्षी मी विचारलं.

"पुढच्या शनिवारी तोडाची हाय तर घेऊ कायले, मॅडम?"

"बाकीचे घेतातच ना."

"त्यायची तुटली तर आवाज येत नाई," सर म्हणाले. "माही तुटली का बाजारात दिसते."

पुढच्या वर्षापासून मी त्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं आणि विषय संपवला.

त्यांची मुलगी स्वाती लग्नाची झाली तेव्हा गोष्टी बदलल्या. पोरगी गुणी, नर्सिंगचा कोर्स केलेली. आर्वीकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, घरात सुपारीचंही व्यसन नाही असं सांगणारं. बघणं झालं, पसंती झाली. बोलणी करायला या म्हणून निरोप यायचा तर आला नकाराचा. मुलाच्या मामानं सरांना बाजारातून जाताना पाहिलं होतं. "मुलीचा बाप पेतो. तोंडावर लिहिलं हाय त्याच्या," असं त्यानं सांगितलं.

पी.टी.चे सर हे ऐकून स्टाफरूममध्ये उसळलेच. "कोण मामा? तो टक्कलवाला? अबे, त्याच शनिवारी तो पलीकडं माह्या बाजूच्या टेबलावर होता! त्यानं माह्याकडून चिवडा मांगून खाल्ला!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. दुपारच्या सुट्टीत मी हजेरीपत्रकं तपासत होते तिथं येऊन बसले. बराच वेळ खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"पोरगी रात्रभर रडली, मॅडम."

"सोडून द्या ना सर. दोन घोटांचं काय एवढं."

"थेच तर. पेऊ नका म्हणाली असती तर त्याच घडीले सोडली असती. पोरीपेक्षा जास्त का हाय मले थे? पण ती म्हणे, बाबा, चारचौघांत तोंड लाल नका करत जाऊ." सर माझ्याकडं बघत राहिले. "आता तोंड लाल का मी करून राह्यलो का?"

त्यानंतर बरेच महिने ते पलीकडं गेलेच नाहीत. शेवटच्या शनिवारी शाळा सुटली की वर्गात बसून पोरांच्या वह्या तपासायचे. पुढं देवळीचं स्थळ आलं आणि जमलं. साक्षगंध झालं. आणि इथं आमच्याकडची एक रीत आडवी आली. सोयरीक पक्की झाली की मुलाकडची पुरुषमंडळी मुलीच्या बापाला घेऊन पलीकडं बसायला जातात. सगळीकडं नाही, पण पुष्कळ घरांत आहे. ही बैठक कोणी बोलून दाखवत नाही आणि कोणी टाळतही नाही. नाही म्हटलं तर सोयऱ्यांचा मान राहत नाही. गेलं आणि लाल होऊन परत आलं तर देवळीच्या बायका बघणार. आर्वीचं जे झालं तेच पुन्हा.

सरांची ही अडचण पी.टी.च्या सरांनी सोडवली. मनानं ते चांगले, हे मी आजही सांगेन. आम्लपित्ताची एक साधी गोळी. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, चिठ्ठी लागत नाही.

"बसायच्या अर्ध्या तासाआधी घेऊन घ्या. माहा साळा घेते, त्याचंही तुमच्यासारखंच होते. कान लाल होणार नाई का काई नाई."

"अन् छाती धडधडते थे?"

"थे बी कमी होते. तुम्ही घेऊन तर पाहा."

सर गेले. परत आले. सोमवारी मला म्हणाले, "मॅडम, जमलं. चांगले चार गिलास झाले. सोयरे म्हणे, तुमच्यावानी तब्येतीचा माणूस पाह्यला नाई."

"मग बरं झालं."

"घरी येऊन आरशात पाह्यलं. काईच नव्हतं तोंडावर." त्यांनी गालावरून हात फिरवला. "मले वाटलं दुसऱ्याच कोण्या माणसाले पाहून राह्यलो."

लग्न विहारात थाटात लागलं. पंगतीत वाढताना सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्याजवळ आल्या. नव्या साडीत, घामेजलेल्या, आनंदानं फुललेल्या. "मॅडम, सगळं निभावलं. अन् यायच्या तोंडाचंही बरं झालं बाप्पा. किती वर्षांचं होतं थे!"

एखादा जुना नायटा गेल्यासारखं त्या बोलत होत्या. आमच्यातल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. लाली हाच आजार होता, तो गेला. सगळ्यांनी सरांचं अभिनंदनच केलं.

मुलगी सासरी गेली. आता बैठकीचं कारण उरलं नव्हतं. पण सरांना तिसरा घोट मिळाला होता. आयुष्यभर दुसऱ्या घोटाला जे दार बंद व्हायचं ते आता उघडं होतं आणि आत जायला कुणी अडवत नव्हतं. छाती सांगत नव्हती, डोकं सांगत नव्हतं, बाजार सांगत नव्हता. आधी दर शनिवार झाला. मग सायकल घरी राहिली आणि पी.टी.च्या सरांच्या गाडीवर मागं बसणं सुरू झालं. मग शनिवारच कशाला, बुधवारही. खिशात एका बाजूला गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या बाजूला बडीशेप.

स्टाफरूममध्ये सर सगळ्यांना आवडू लागले. "आता माणसात आले," असं गणिताचे सर म्हणायचे. खरंच आले होते. घंटा झाली की वर्गाबाहेर. टाचण वेळेवर. त्या जूनमध्ये पोरांच्या वह्यांवर खाकी कव्हरं तशीच राहिली आणि एकही आई माझ्याकडं आली नाही. माझं काम कमी झालं. पण एखादा तास रिकामा असला की मी त्यांच्या वर्गावरून चक्कर मारायची, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. सर खुर्चीत बसलेले असायचे. फळ्यावर आंबा. पोरं आंबा काढत असायची.

त्या ऑक्टोबरात शपथेच्या वेळी मी सवयीनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं. सरांचा हात पुढं होता. तळवा खाली, कोपर सरळ, अगदी नियमाप्रमाणं. पी.टी.चे सर सांगत होते आणि सर त्यांच्यामागून शब्द न् शब्द म्हणत होते. कार्यक्रमानंतर कोणीतरी टाळी दिली त्यांना. मला मात्र उरलेला दिवस काही सुधरलं नाही.

अशी काही वर्षं गेली. गिळायचा त्रास मी आधी डब्यावरून ओळखला. आम्ही सात-आठ जण एकत्र जेवायचो. सर भाकरी-ठेच्याचे माणूस. त्यांनी भाकरी सोडली. मग पोळी वरणात कुस्करून खायला लागले. मग नुसता कढी-भात. मग कढीच. एकदा भाताचा घास घेतला आणि ताठ बसून राहिले, छातीच्या मधोमध मूठ दाबून.

"काय झालं, सर?"

"अटकून राह्यला, मॅडम. जाईन खाली."

गेला नाही. उठून बाहेर जाऊन त्यांनी तो टाकला. मी त्याच दिवशी वहिनींना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं ठरवलं. शाळेतल्या सगळ्यांच्या दवाखान्याची कागदपत्रं मीच करते, त्यामुळं सोबत मीच गेले. फाइल केली, जुन्या तपासण्या लावल्या, आधारची प्रत, दोन फोटो. कागद नीट लावले की अर्धं काम होतं असा माझा विश्वास होता.

दुर्बिणीनं तपासणी झाली. तुकडा तपासायला गेला. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि तोही बराच पुढं गेलेला. डॉक्टर तरुण होत्या, मुलीच्या वयाच्या. त्यांनी तंबाखू विचारली. सरांनी कधी खर्रा खाल्ला नव्हता. दारू विचारली. सरांनी सांगितली, लपवली नाही. मग त्यांनी विचारलं, "पूर्वी दारू घेतल्यावर चेहरा लाल व्हायचा का?"

सर काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "व्हायचा जी. लय लाल व्हायचा. पण थे बरं झालं गोळीनं."

"कोणत्या गोळीनं?"

वहिनींनी नाव सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ सरांच्याच तोंडाकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात समजावून सांगितलं. दारू पोटात गेली की तिचं एक विष बनतं. बहुतेकांचं शरीर ते लगेच मोडतं. काहींचं मोडू शकत नाही, जन्मतःच. त्यांच्या अंगात ते साचतं, म्हणून तोंड लाल होतं, छाती धडधडते. अशा माणसांनी पीत राहिलं तर अन्ननलिकेला धोका इतरांपेक्षा जास्त. गोळीनं लाली जाते, विष तसंच राहतं.

"याच्यामुळंच झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती लाली म्हणजे तुमचं शरीर थांबा म्हणत होतं."

वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या. "सगळे तर म्हणत होते बरं झालं... सगळेच म्हणत होते..."

बाहेर बाकावर बसल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दल नव्हता.

"मॅडम, आपल्या मंगेशचं तोंड पाह्यलं का तुम्ही कधी?"

मंगेश त्यांचा मुलगा. आमच्याच शाळेत शिकलेला, माझ्या हाताखालून गेलेला, आता बुटीबोरीला कंपनीत. आठवड्याला घरी यायचा.

"त्याचं माह्यासारखंच होते," सर म्हणाले. "कंपनीतल्या पोरायसंगं बसला होता एकदा. कानापासून सुरू झालं होतं. मीच हसलतो त्याले." मग माझ्याकडं वळून, "त्यानं पाह्यलं ना, मले गोळीनं बरं झालं म्हणून. घरात पट्टीच पडून राहे. तो बी घेत असन का?"

मी म्हटलं, विचारू. सांगू त्याला. पण सांगणं सोपं नव्हतं. उपचार सुरू झाले आणि सरांचा आवाज गेला. कुजबुजीएवढाच उरला. मंगेश यायचा, औषधं आणायचा, बापाला उचलून बसवायचा, नळीतून दूध द्यायचा आणि बापाच्या डोळ्यांकडं न बघता निघून जायचा. सर त्याला हातानं थांबवायचे. तो "आलोच बाबा" म्हणून दुकानात जायचा. तरुण पोरांना बापाचं मरण बघवत नाही, हे मला कळत होतं. सरांना तेवढी उसंत नव्हती.

शेवटी मी मंगेशला फोन केला आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं क्रमानं सांगितलं. तो ऐकत होता. "हो मॅडम. समजलं, मॅडम." वर्गात रागावल्यावर म्हणायचा तसंच. समजलं की नाही ते त्या आवाजावरून कळेना. मी सरांना सांगितलं की बोलणं झालं. सर ओठ हलवून म्हणाले, "काय म्हणे?"

"समजलं म्हणाला."

सरांनी डोळे मिटले. वर्गात आपणही पोरांना समजलं का म्हणून विचारतो आणि पोरं हेच उत्तर देतात. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

शेवटच्या आठवड्यांत मी शाळा सुटल्यावर बहुतेक रोज त्यांच्याकडं जायची. दवाखान्यानं घरी पाठवलं होतं. एका शनिवारी दुपारी मी खाटेजवळ बसले होते. उन्हाची तिरीप खिडकीतून सरांच्या पायांवर पडली होती. सर सुकून अगदी लहान झाले होते. तोंडावर रंगच उरला नव्हता, राखेसारखी कातडी.

दारात गाडी थांबली. मंगेश आत आला आणि मला बघून तिथंच थबकला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्याचं तोंड बघून त्यांचा हात कपाळावर गेला.

कान लाल, गाल लाल, गळ्यापासून खाली सगळं लाल. बापाचंच तोंड, तीस वर्षांनी तरुण.

"मेल्या, शरम नाई वाटत?" वहिनी दाबलेल्या आवाजात म्हणाल्या. "बाप असा पडला हाय अन् तू पेऊन आला? मॅडम बसल्या हाये! मांगं जाय, मोरीवर तोंड धू. जाय ना!"

मंगेश मान खाली घालून मागच्या दाराकडं वळला. तेवढ्यात खाटेच्या लोखंडी दांडीवर ठकठक आवाज आला. सर अंगठी आपटत होते. त्यांनी हाताची बोटं आत वळवली, इकडं ये.

तो आला. सरांनी खिडकीकडं बोट केलं, तोंड उजेडात कर. त्यानं केलं. सर बघत राहिले. पोरांच्या वहीकडं बघायचे तसे, आधी लांबून, मग मान पुढं करून जवळून. कानाची पाळी, गाल, कपाळ. मग ओठ हलले. मंगेश खाली वाकला. मीही ऐकलं.

"गोळी?"

"नाई घेतली, बाबा."

"धडधडून राह्यलं?"

"हाव." मंगेशचा आवाज फुटला. "दोन घोट बी गेले नाई. लय धडधडून राह्यलं. मले तुमची... मी मंग तिथंच ठेवून आलो."

सरांनी हात वर उचलला. तेवढं उचलायलाही त्यांना वेळ लागला. तो सुकलेला हात त्यांनी मुलाच्या तापलेल्या गालावर ठेवला आणि तसाच ठेवला. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं, आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला मी हसूच म्हणेन.

वहिनी ओला टॉवेल पिळून घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो मंगेशच्या तोंडाकडं नेला. सरांनी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. अंगात बळ नव्हतं, तरी धरलं, आणि टॉवेल त्या तोंडाला लागू दिला नाही.